वाचकांचे प्रश्न : साथीच्या दिवसांत जहाज की थीम पार्क?

उन्हाळी सुट्टीचे बेत ठरायला लागले आणि नेमक्या त्याच वेळी कोरोनाच्या साथीच्या बातम्या पुन्हा येऊ लागल्या. या महिन्यात सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत हाच विषय वारंवार दिसला. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. सहलींचं नियोजन करणारे आणि साथरोगांवर उपचार करणारे आमचे सल्लागार या दोघांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही घरचे पाच जण. मी, माझे पती, १२ आणि ७ वर्षांची मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे. मे महिन्यात मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजावर तीन रात्री काढायच्या की खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं, हे ठरत नाही. सासूबाईंचं म्हणणं, समुद्रावर मोकळी हवा असते, उलट पार्कात जत्रेसारखी गर्दी. खरं काय?
– एक वाचक, विजापूर रोड

इमॅजिकाला जा, शनिवार-रविवार सोडून. सासूबाईंना सोबत न्यायचं असेल तर जहाजाचा विचार यंदा बाजूला ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जहाजाच्या वरच्या डेकवरची हवा खरोखर स्वच्छ असते. पण तीन रात्रींतला किती वेळ तुम्ही डेकवर असणार? मेच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास. बाकीचा वेळ जेवणाचा हॉल, नाटक-जादूचे प्रयोग होणारं सभागृह, लिफ्ट, अरुंद बोळ आणि केबिन यांतच जातो, आणि हे सगळं बंद, एसीचं. स्वस्त केबिनला तर खिडकीही नसते. त्यात एकाच हॉलमध्ये, त्याच लोकांबरोबर, तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवायचं, आणि जेवताना मास्क लावता येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर हेच झालं. बाधित निघालेला एक प्रवासी २५ जानेवारीलाच हाँगकाँगला उतरून गेला होता. जहाजावर ३,७११ लोक होते, त्यांपैकी ७१२ बाधित झाले. प्रवाशांना ५ फेब्रुवारीपासून केबिनमध्ये कोंडून ठेवलं, पण त्यांचं जेवण बनवणारे आणि दारोदार पोचवणारे कर्मचारी दाटीवाटीच्या खोल्यांत एकत्र राहत आणि एकत्र जेवत होते. आपल्याकडचं उदाहरण जानेवारी २०२२ चं. मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर एक कर्मचारी बाधित निघाला. मग सुमारे २,००० लोकांची तपासणी झाली, त्यात ६६ जण सापडले आणि जहाज मुंबईला परत आलं.

‘चढताना तपासणी करतात ना?’ असं बरेच जण विचारतात. तपासणीत त्या दिवशी नाकात पुरेसा विषाणू असलेला माणूस सापडतो. ज्याला आदल्या दिवशी लागण झाली त्याची चाचणी कोरी, म्हणजे निगेटिव्ह, येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो इतरांना संसर्ग द्यायला लागतो. तोवर जहाज भर समुद्रात असतं. सासूबाईंना तिथे धाप लागली तर जहाजावर डॉक्टर असतो, ऑक्सिजनही असतो, पण मोठ्या रुग्णालयाची सोय पुढचं बंदर आल्यावरच. खोपोलीहून मात्र गाडी काढली की दोन-अडीच तासांत पुण्यातलं किंवा नवी मुंबईतलं कुठलंही मोठं रुग्णालय गाठता येतं. साथीत सहल निवडताना आम्ही पहिल्यांदा हेच बघतो, की मधूनच उठून घरी येता येईल का. तिथे किती मजा येईल हा प्रश्न त्यानंतरचा.

पार्कचं दारही कधी बंद होऊ शकतं, हे खरं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला शांघायच्या डिस्नेलँडमध्ये लोक आत असतानाच दारं लावली गेली आणि चाचणी कोरी आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडलं नाही. पण तो चीनच्या त्या वेळच्या कडक धोरणाचा भाग होता. एकंदर अनुभव वेगळा आहे. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड मार्च २०२० मध्ये बंद झालं आणि ११ जुलैला उघडलं, तर अमेरिकेच्या बंदरांतून मोठी प्रवासी जहाजं सुटायला जून २०२१ उजाडला.

आता गर्दीचं. सासूबाईंना गड्ड्याची जत्रा आठवत असणार. होम मैदानावर आकाशपाळण्याजवळ कितीही गर्दी असली तरी डोक्यावर आभाळ असतं, श्वास हवेत विरून जातो. त्याच मैदानावरच्या कापडी तंबूत खेळ बघायला शंभर माणसं बसली, की धोका तिथे. पार्कातही हाच फरक करा. मोकळ्यावरचे रोलर कोस्टर आणि पाळणे चालतील. अंधाऱ्या बंदिस्त राइड, फोर-डी थिएटर आणि फूड कोर्ट टाळा. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रांग. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी ती वळणावळणाने सरकते. त्यामुळे चार हात पुढे असलेला खोकणारा माणूस प्रत्येक वळणावर तुमच्या खांद्याला खांदा लावून जातो, तासाभरात सात-आठ वेळा. वर पत्रे आणि बाजूने भिंत असलेल्या रांगेत मास्क नाकावरून खाली येऊ देऊ नका. राइडवर बसल्यावर एकवेळ चालेल, रांगेत नाही.

मेचं ऊन मात्र या सगळ्या बेतावर पाणी फिरवतं. दुपारी बारा ते चार माणसं ऊन टाळायला एसीच्या राइडमध्ये शिरतात, आणि दिवसातली सगळ्यात वाईट हवा त्याच वेळी तिथे असते. म्हणून दार उघडायच्या अर्धा तास आधी तिकीट हातात घेऊन उभे राहा, आधीच ऑनलाइन काढलेलं. पहिल्या दोन तासांत मोकळ्यावरच्या मोठ्या राइड उरका. बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं का, हे तिकीट काढतानाच विचारा. येत असेल तर दुपार हॉटेलच्या खोलीत काढून चारनंतर परत जा. येत नसेल तर सावलीतली, दोन बाजूंनी उघडी जागा धरा. जेवण बाराच्या आधी किंवा तीननंतर. एक ते अडीच फूड कोर्टमध्ये पाऊल टाकू नका. पार्कात बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत ठेवा. ती उन्हानं बिघडत नाही, आणि आत शिरण्यापूर्वी पोटभर खाल्लं की आतलं खाणं एका वेळेवर येतं. सासूबाई इन्शुलिन घेत असतील तर ते मात्र गाडीत ठेवू नका. उभ्या गाडीत मेमध्ये ते खराब होतं. गार पाऊचमध्ये जवळ बाळगा, बर्फाला थेट न लावता.

सोलापूरहून खोपोली सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघून त्याच दिवशी पार्क करायचा हट्ट नको. आदल्या रात्री लोणावळ्यात किंवा खोपोलीत मुक्काम करा. खिडकी उघडणारी खोली मागा आणि गेल्या गेल्या ती अर्धा तास उघडी ठेवा. गाडीत एसीचं बटण ‘आतली हवा फिरवा’ या खुणेवर असतं, ते बाहेरच्या हवेवर करा, नाहीतर पाच जण सहा-सात तास एकमेकांचाच श्वास घेत बसतात. मास्क एन-९५, माणशी दिवसाला दोन. घामानं ओला झालेला मास्क नीट गाळत नाही आणि त्यातून श्वासही जड होतो. वापरलेला कागदी पिशवीत टाका, प्लास्टिकमध्ये तो वाळत नाही.

सासूबाईंनी रांगा आणि बंद जागा टाळाव्यात. लसीचा डोस राहिला असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी घ्या, परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय ३४ आणि ३१, दोघंही धडधाकट. जहाजाचे अर्धे पैसे भरून झाले आहेत. रद्द करावं का? मुलगा आई-बाबांकडे राहणार आहे.
– जुळे सोलापूर

तुमच्या वयात, लस घेतलेली असेल आणि दुसरा आजार नसेल, तर जायला हरकत नाही. धोका तुमच्यापेक्षा तुम्ही परत आल्यावर आई-बाबांना जास्त आहे.

उरलेले पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेलवर चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं आश्वासन नंतर कामाला येत नाही. निघण्याआधी आमची चाचणी बाधित आली तर पैसे परत की फक्त पुढची तारीख? जहाजावर बाधित निघालो तर वेगळी केबिन कुठली, आणि तिचे पैसे कोणाचे? बंदरावर उतरू दिलं नाही तर काय? आणि पुढची तारीख दिलीत तर तेव्हाच्या भावातला फरक कोण भरणार? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि तिथेच पैसे जातात. विमा काढत असाल तर कलमं वाचा. ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ याची भरपाई साध्या प्रवास विम्यात मिळत नाही. शिवाय साथ जाहीर झाल्यानंतर काढलेल्या विम्यात ती साथ बऱ्याचदा वगळलेली असते.

केबिन बाल्कनीची घ्या. महाग पडते, पण कोंडून घ्यायची वेळ आली तर त्या दारातून येणाऱ्या हवेची किंमत कळते. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर पहिली घ्या, किंवा ताट डेकवर नेता येतं का बघा. गरम पाण्याचा टब, सभागृह आणि कसिनो सोडून द्या. लिफ्टऐवजी जिना.

हात मात्र साबण-पाण्यानेच धुवा, वीस सेकंद. जहाजांवर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस नेहमीचा पाहुणा आहे आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. बुफेतल्या डावाला हात लावला की जेवायला बसण्याआधी पुन्हा धुवायचे.

रोजची औषधं परतीच्या तारखेनंतर आठवडाभर पुरतील एवढी न्या, आणि ऑफिसात तेवढ्याच रजेची कल्पना देऊन ठेवा. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून सकाळी थेट बंदरावर जाण्यापेक्षा एक दिवस आधी पोचा. आदल्या दिवशी ताप आला तर तो मुंबईत कळलेला बरा, जहाजावर नको. परत आल्यावर पाच दिवस आई-बाबांच्या घरात जेवायला बसू नका. मुलाला दारातून घ्या. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरगुती चाचणी करा.

प्रश्न : नातवंडांना वॉटर पार्कला न्यायचं आहे. पाण्यातून कोरोना पसरतो का?
– आजोबा, बार्शी

नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातून नाही. धोका कपडे बदलण्याच्या कोंदट खोलीत आणि लॉकरपुढच्या गर्दीत असतो. मुलं घरूनच पोहण्याचे कपडे आत घालून निघाली की तो अर्ध्यावर येतो. पाण्यात मास्क कधीही नको. ओला मास्क नाकाला चिकटतो आणि मूल गुदमरू शकतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तर कोरडाही सक्तीने लावू नका. पाणी गढूळ दिसलं किंवा डोळे झोंबवणारा उग्र वास आला तर मुलांना बाहेर काढा. असा वास बहुधा क्लोरीन घामा-लघवीशी मिसळल्याचा असतो.

प्रश्न : पार्कातून आलो आणि दुसऱ्या दिवशी मुलाला १०१ ताप. ऊन लागलं की साथ, हे घरी कसं ओळखायचं?
– अक्कलकोट रोड

पहिल्या दिवशी खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून साथ धरूनच चाला. मुलाला वेगळ्या खोलीत झोपवा, खिडकी उघडी, घरातल्या म्हाताऱ्यांना लांब ठेवा. उन्हाचा त्रास असेल तर सावली, ओली फडकी आणि ओआरएसने मूल काही तासांत तरतरीत होतं. एक पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट कालवलं तर त्रास वाढतो. घसा दुखणं, खोकला, नाक वाहणं सोबत असेल तर कल संसर्गाकडे. मूल सुस्त पडलं, बरळू लागलं किंवा अंग तापलेलं आणि लघवी सहा-आठ तास झालेली नाही, तर घरी थांबू नका.

घरगुती चाचणी करताना काडी नुसती नाकपुडीच्या तोंडाशी फिरवणं ही नेहमीची चूक. पाकिटावर लिहिलंय तितकी आत, दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवा. निकाल पंधरा मिनिटांनी वाचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. चाचणी कोरी आली तरी ताप असेल तर एक दिवस सोडून पुन्हा करा. पहिल्या दिवशी ती बरेचदा चुकते.

ऑक्सिमीटर लावण्याआधी मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं आणि बोट गरम. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. दुसऱ्या बोटावर पाहा. आकडा स्थिर होईपर्यंत एक मिनिट थांबा. दोन वेगवेगळ्या बोटांवर ९४ च्या खाली आला, किंवा मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाताना दिसल्या, तर तिसऱ्यांदा मोजत बसू नका, मुलाला घेऊन लगेच रुग्णालयात जा.