चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही
सणाचं हातकाम : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न आकाशकंदिलाचे आहेत. त्यांतले बरेचसे एकाच दुखण्याबद्दल आहेत, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे. हलव्याचे दागिने, मुंडावळ्या, मखर आणि तोरण त्यानंतर.

प्रश्न : कामट्यांचा पारंपरिक कंदील दरवर्षी करतो. सांगाडा बांधेपर्यंत ठीक असतो, पण उचलला की पिळवटतो आणि कागद लावल्यावर एका बाजूला कलतो. कामट्या तर एकसारख्या कापल्या होत्या. (सांगली)

उत्तर : कामट्या सारख्या असूनही कंदील पिळवटतो, कारण दोष मापात नाही, आकारात आहे. सहा चौकोनांच्या पारंपरिक कंदिलात एक चौकोन वर, एक खाली आणि चार बाजूंना कोपऱ्यावर उभे असतात. मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोणाच्या तिन्ही काड्या एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे गाठ थोडी सैल असली तरी तो आकार सोडत नाही. चौकोन मात्र गाठीवर फिरतो आणि त्याची शंकरपाळी होते. सहाही चौकोन मिळून थोडे थोडे फिरले की अख्खा कंदील स्क्रूसारखा पिळला जातो. गाठी कितीही आवळल्या तरी हे पूर्ण थांबत नाही. चौकोनांना तिरपा आधार द्यावा लागतो.

बाजू २५ सेंमीची धरून हिशेब सांगतो. २७ सेंमीच्या २४ कामट्या घ्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलीने खूण करा. गाठ खुणेवरच पडली पाहिजे, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत बरोबर २५ सेंमी राहतात. कामटी ४ ते ५ मिलिमीटर जाड, वाळलेली आणि पेराची गाठ मध्यावर नसलेली असावी. ओला बांबू वाळताना आक्रसतो, वाकतो आणि गाठी ढिल्या करतो. बुरुडाकडून कामट्या आणल्यावर निदान आठवडाभर सावलीत आडव्या ठेवून वाळवाव्यात आणि धारेवरून पॉलिश पेपर फिरवावा. नाहीतर कुसळं कागद फाडतात.

आधी सहा सुटे चौकोन बांधा. साखळी दोरा फुलीच्या आकारात चार वेढे घेऊन मध्ये आवळावा आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब सोडावा. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ३५.४ सेंमी आले तरच तो चौकोन. एक ३४ आणि दुसरा ३६.७ असेल तर चौकोन कलला आहे. मग सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडा. एकूण १२ सांधे होतात आणि प्रत्येक सांध्यावर दोनच चौकोन भेटतात. तिसरा येत असेल तर काहीतरी चुकलं आहे.

आता तिरपा आधार. वरचा आणि खालचा चौकोन उघडा राहतो, त्यांत एकेक कर्णाची कामटी बांधा. ती ३८ सेंमीची घ्या, म्हणजे बांधायला दोन्हीकडे जागा उरते. बाजूच्या चारही चौकोनांत पांढऱ्या बारीक दोऱ्याची तिरपी फुली ताणून बांधा. जाड किंवा रंगीत दोऱ्याची सावली दिवा लागल्यावर कागदावर दिसते. एवढं झालं की सांगाडा एका कोपऱ्याला धरून उचला. तो जसाच्या तसा राहिला पाहिजे. राहत नसेल तर कागद लावू नका, दोरे पुन्हा ताणा. कागद लावल्यावर सांगाडा दुरुस्त करता येत नाही.

लटकवतानाही एकाच ठिकाणी दोरी बांधू नये. वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीच्या दोऱ्या बांधून त्या वर एका कडीत एकत्र आणाव्यात. वजन कधीही विजेच्या वायरवर घेऊ नये.

प्रश्न : पतंगाचा कागद किती ताव लागतो? आणि तो चिकटवल्यावर सुरकुत्या का पडतात? (डोंबिवली)

उत्तर : वरच्याच मापाचा कंदील आणि ५० बाय ७५ सेंमीचा ताव धरू. बाजूच्या चार चौकोनांसाठी १ सेंमी दुमड धरून २७ सेंमीचे तुकडे लागतात. एका तावात दोनच बसतात, म्हणजे दोन ताव. आठ त्रिकोण १ सेंमी दुमडीसह एका तावात बरोबर बसतात, पण एक सरळ आणि एक उलटा असे दोन ओळींत आखले तरच. दुमड दीड सेंमी ठेवली तर आठ बसत नाहीत, हे कापण्याआधी लक्षात घ्या. शेपट्यांसाठी आणखी दोन ताव. प्रत्येक तावातून २५ बाय ५० चे तुकडे काढा, वरच्या काठाला ३ सेंमी सोडून खाली २ सेंमी रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा आणि अख्खी झालर खालच्या चौकोनाच्या एकेका बाजूला लावा. पट्टी पट्टी चिकटवत बसण्यापेक्षा हे सोपं आहे आणि वाऱ्यात तुटतही नाही. एकूण पाच ताव. करंज्या आणि सोनेरी पट्टी त्याशिवाय.

सुरकुत्या खळीमुळे पडतात. पतंगाचा कागद ओला झाला की पसरतो. कागदाला खळ फासून तो कामटीवर ठेवला तर पसरलेल्या अवस्थेत चिकटतो आणि वाळताना वेडावाकडा आक्रसतो. म्हणून खळ कागदाला नाही, कामटीला लावायची आणि तीही घट्ट. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर बोटाने उचलली तर ओघळू नये. कंदील पुढच्या वर्षासाठी जपायचा असेल तर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. त्याने बुरशी आणि झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी आहे. घालायचाच तर भांडं वेगळं ठेवा आणि मुलांच्या हाती ती खळ देऊ नका. चार दिवसांच्या कंदिलाला त्याची गरज नाही.

आधी चौकोन लावा, नंतर त्रिकोण. त्रिकोणांच्या दुमडी चौकोनांच्या कडा झाकतात. कागद पूर्ण वाळल्यावरही किंचित सैल वाटला तर बाहेरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून सावलीत वाळवा, तो ताणून बसतो. रंग सुटणाऱ्या कागदावर हे करू नका. आधी एका कपट्यावर पाहा.

दिव्याबद्दल अनेकांनी विचारलं आहे. ५ ते ७ वॉटचा एलईडी बल्ब पुरतो. होल्डर वरच्या चौकोनापासून १७ ते १८ सेंमी खाली, म्हणजे बरोबर मध्यावर येईल असा सोडावा. तारेचा जुना पिवळा बल्ब कागदाच्या कंदिलात लावूच नये. वरचं तोंडही कागदाने बंद करू नका. उष्णतेला वाट हवी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद इथे मिळत नाही. मुलांना घरीच कंदील करायचा आहे.

उत्तर : किराणा दुकानात शेगडीवर भाजण्यासाठी बांबूच्या काड्या मिळतात, त्यांतल्या १२ इंची घ्या. त्या साधारण ३० सेंमीच्या असतात. टोकदार बाजू कापून २७ सेंमीवर आणल्या की चौकोनांचं वरचं सगळं माप तसंच चालतं. ३८ सेंमीच्या कर्णाला मात्र एक काडी पुरत नाही, तिथे दोन काड्या एकमेकींवर चढवून घट्ट बांधा. मात्र या काड्या ३ ते ४ मिलिमीटरच्या, म्हणजे बारीक असतात. त्यामुळे तिरपा आधार मुळीच चुकवू नका. लहान मुलांना दोऱ्याने सांधा आवळता येत नाही. त्यांना सांध्याभोवती रबरबँड गुंडाळू द्या आणि नंतर मोठ्यांनी दोरा बांधावा. भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू कागद चांगला दिसतो, पण तो पाण्याने रंग सोडतो, त्यामुळे फवारा नको आणि खळ आणखी घट्ट हवी. बल्ब आणि वायर तिथल्याच घ्या. भारतातून नेलेला बल्ब २३० व्होल्टचा असतो.

प्रश्न : सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घरी केले. दोन दिवसांत चिकट झाले आणि पिवळे पडले. (नाशिक)

उत्तर : हलवा म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, आणि साखर हवेतली ओल ओढते. पण दोन दिवसांत पिवळा पडला याचा अर्थ बहुतेक डिंक जास्त झाला. पांढऱ्या डिंकात पाणी असतं. दाणा त्यात बुडाला की खालून विरघळतो, काटे बसतात आणि डाग वर चढतो. डिंक पसरून त्यावर दाणे टाकू नयेत. काडीच्या टोकाने मोहरीएवढा ठिपका ठेवावा, तो अर्धा मिनिट सुकू द्यावा आणि मग चिमट्याने दाणा टेकवावा.

हारासाठी आणि मंगळसूत्रासाठी मात्र डिंक वापरूच नका, गुंफण करा. दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही, तो फुटतो. दुहेरी दोरा घ्या, एक पदर दाण्याच्या एका बाजूने आणि दुसरा दुसऱ्या बाजूने न्या आणि लगेच गाठ मारा. काट्यांमध्ये दोरा अडकतो आणि दाणा निसटत नाही. म्हणूनच गुंफायला काटेरी हलवा हवा. गुळगुळीत दाणा सुटतो. एक दाणा आणि गाठ मिळून साधारण १ सेंमी धरली तर ४५ सेंमीच्या हाराला ४५ दाणे लागतात. फुटणारे धरून ६० निवडून ठेवा. दाणे आधी दोन वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळून आकाराने वेगळे करा. मोठे मध्यभागी, लहान टोकांना. या एका गोष्टीने घरचं काम कसबी हाताचं दिसतं.

बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा यांना जाड पुठ्ठ्यावर काळं कापड चढवून तळ करा. संक्रांतीच्या काळ्या साडीवर ते शोभतं आणि पांढरा हलवाही उठून दिसतो. तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच गार हलव्यावर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

बोरन्हाणाच्या दागिन्यांना मागून मऊ मलमल लावावी, काटे कोवळ्या कातडीला बोचतात. गळ्यातल्या हाराला मागे गाठ न मारता सहज सुटणारा फासा ठेवा. डिंक लागलेला हलवा मुलांना खाऊ देऊ नका. फार लहान बाळाच्या हाताशी सुटे दाणे आणि बोरंही नकोत, घशात अडकतात.

प्रश्न : घरी केलेल्या मुंडावळ्या सप्तपदीपर्यंत डोळ्यांवर उतरतात. गेल्या लग्नात तर मणी ओघळले. (बेळगाव)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. मुंडावळ्या उतरतात त्या वजनाने. ४ मिलिमीटरचा मणी धरला तर १० सेंमीत २५ मणी बसतात. कपाळावरचे दोन पदर २८ सेंमीचे, म्हणजे १४० मणी. दोन्ही कानशिलांवर ३० सेंमीचे तीन तीन पदर, म्हणजे ४५०. एकूण ५९०, गोंडे वेगळे. काचेचा मणी त्याच आकाराच्या ॲक्रिलिक मण्याच्या दुपटीहून जड असतो, म्हणून काचेचा हट्ट धरू नका. फोटोत फरक कळत नाही. खालचा पदर वरच्यापेक्षा १ सेंमी लांब ठेवा, नाहीतर तो वर सरकून दोन्ही एकावर एक चढतात.

बांधायला दोन्हीकडे ३५ सेंमीची फीत लावा आणि कानामागे येईल तिथे फितीलाच दोऱ्याचं छोटं वेटोळं शिवून घ्या. त्यात केसांची पिन अडकवली की मुंडावळी हलत नाही. नवरदेवाला फेटा असेल तर हीच पिन फेट्याच्या घडीत जाते. रेशमी फीत घसरते, सुती घ्या.

मणी ओघळतात ते नायलॉनच्या दोऱ्यामुळे. त्याची साधी गाठ आपोआप सुटते. उजवी-डावी अशी चौकोनी गाठ दोनदा मारून तिच्यावर चिकटद्रव्याचा थेंब सोडा आणि दोरा गाठीलगत न कापता ५ मिलिमीटर ठेवून शेजारच्या मण्यात ओढून घ्या. प्रत्येक पदर स्वतंत्र दोऱ्यात ओवा. एक तुटला तरी बाकीचे राहतात.

प्रश्न : पुठ्ठ्याचं गणपतीचं मखर तिसऱ्या दिवशी पुढे वाकलं. (मुंबई)

उत्तर : २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि बहुतेक घरं पुठ्ठ्याकडे वळली. पण पुठ्ठा थर्माकोलच्या पद्धतीने वापरून चालत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यात नागमोडी कागदाच्या नळ्या असतात. खांबात आणि मागच्या पडद्यात त्या उभ्या आल्या तरच तो वजन पेलतो. आडव्या आल्या की तिथेच मोडतो. दुसरं, रंग फक्त पुढून लावला तर वाळताना तो कागद ओढतो आणि पुठ्ठा पुढे कमान टाकतो. एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी यांचा हात दोन्ही बाजूंनी द्या, सपाट ठेवून वजनाखाली वाळवा आणि मगच रंगवा. भाद्रपदातल्या दमट हवेत हा हात ओलीपासूनही वाचवतो. मागे दर ३० सेंमीवर त्रिकोणी टेकू लावा. समई मखराच्या कोणत्याही भागापासून हातभर दूर असावी आणि ज्योतीच्या वर काहीही लोंबतं नसावं.

प्रश्न : तीन फुटी दाराच्या तोरणाला किती झेंडू लागतो? आदल्या रात्री केलं तर सकाळी काळं पडतं. (सोलापूर)

उत्तर : दार ९० सेंमीचं आणि मध्ये १५ सेंमी झोल धरला तर ९७ सेंमी माळ लागते. मध्यम झेंडू दोऱ्यावर साधारण ३ सेंमी जागा घेतो, म्हणजे ३२ फुलं. दर चार फुलांमागे आंब्याचं पान घातलंत तर पानांचे देठ जागा घेतात, मग २८ ते ३० पुरतात. बांधायला दोन्हीकडे १५ सेंमी धरून दोरा १३० सेंमीचा घ्या. तो सुती आणि दुहेरी हवा, नायलॉन देठाकडचा हिरवा भाग कापतो. सुई त्या हिरव्या भागातूनच घाला, नुसत्या पाकळ्यांतून ओवलेलं फूल गळतं.

काळं पडतं ते पाण्याने. ताजं दिसावं म्हणून बाजारात फुलांवर पाणी मारतात आणि ते पाकळ्यांच्या बुडाशी साचून फूल आतून कुजतं. फुलं आणल्यावर पिशवीत न ठेवता तासभर पंख्याखाली कापडावर पसरा आणि मग ओवा. रात्री तोरण सुती फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत ठेवा. फडकं ओलं करू नका. पाणी फक्त आंब्याच्या पानांना हवं. ती वेगळी, देठ पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पुसून लावा.