ब्रॉडबँड सोनारच्या प्रतिध्वनीवरून माशाची जात ओळखता येते का?

मत्स्यसाठ्याच्या सर्वेक्षणात ठरावीक वारंवारतेच्या सोनारऐवजी (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राऐवजी) रुंद पट्ट्यातल्या अनेक वारंवारता वापरणारा ब्रॉडबँड सोनार वापरला, तर जाळे न टाकताच माशांची जात कळेल का, असे आपण विचारले आहे. अशा सर्वेक्षणांच्या नोंदी तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. माझ्या मते प्रतिध्वनीतून शरीराची घडण कळते, जातीचे नाव मात्र क्वचितच कळते.

माशाला वाताशय असेल, तर त्याच्या प्रतिध्वनीचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग त्या वायूच्या पिशवीवरूनच येतो, कारण मांसाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग पाण्याच्या बराच जवळचा असतो. हेरिंगला वाताशय असतो आणि अटलांटिक मॅकरेलला नसतो. त्यामुळे मॅकरेलचा थवा ३८ किलोहर्ट्झवर फिका, तर २०० किलोहर्ट्झवर त्यामानाने ठळक दिसतो. क्रिल या कोळंबीसारख्या लहान समुद्री जीवांचा प्रतिध्वनीही ३८ पेक्षा १२० किलोहर्ट्झवर बराच जोरकस असतो, आणि दोन्हींमधला फरक २ ते १६ डेसिबल असेल तर ते क्रिल समजावे, असा ढोबळ नियम अंटार्क्टिक सर्वेक्षणांत बराच काळ वापरला गेला. एवढ्या कामासाठी ब्रॉडबँडची गरजच नाही.

ब्रॉडबँड यंत्र एकच सूर न सोडता, उदाहरणार्थ १६० पासून २६० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडते आणि परत आलेला ध्वनी त्या मूळ सुराशी ताडून पाहते. याचा पहिला लाभ बारकाव्याचा. जुन्या पद्धतीत १ मिलिसेकंदाचा स्पंद पाण्यात दीड मीटर लांब होतो, त्यामुळे एकाखाली एक असलेल्या दोन माशांत किमान ७५ सेंटिमीटर अंतर नसेल, तर ते वेगळे दिसत नाहीत. वरच्या उदाहरणात हेच अंतर तत्त्वतः १ सेंटिमीटरच्याही खाली येते. त्याची किंमतही मोजावी लागते: तळाचा प्रतिध्वनी इतका प्रबळ असतो की ताडून पाहण्याच्या प्रक्रियेत त्याच्या मागेपुढे खोट्या खुणा उमटतात आणि तळालगतचे मासे त्यांत झाकले जातात.

दुसरा लाभ वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या वारंवारतेला प्रतिध्वनी किती जोरकस येतो याच्या आलेखाचा, आणि जात ओळखण्याची आशा ज्यावर आहे तो हाच. वाताशय नसलेल्या एखाद्या प्राण्याची जाडी १ सेंटिमीटर आहे असे समजा. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून येणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि साधारण दर ७५ किलोहर्ट्झला एकमेकांना खोडतात. वर्णपटात तिथे खड्डा पडतो. या खड्ड्यांमधील अंतरावरून जाडीचा अंदाज बांधता येतो, जे दोन-तीन सुट्या वारंवारतांवरून साधत नाही. पण प्राणी थोडा कलला, तरी खड्डा सरकतो. थव्यात तर निरनिराळ्या कोनांत वळलेल्या शेकडो शरीरांचे खड्डे एकमेकांत बुजून जातात आणि हाती एक सपाटशी, सरासरी रेषा उरते. म्हणून सुट्या माशांचे वर्णपट घेऊन थव्यातील जाती ओळखण्याची अपेक्षा ठेवू नये, असे मी सुचवीन. यंत्रशिक्षणाने वर्गीकरण सोपे होते हे खरे, पण त्याला शिकवायला लागणारी खात्रीशीर उदाहरणे शेवटी जाळ्यातूनच येतात.

अंशांकन, म्हणजे माहीत असलेल्या वस्तूच्या प्रतिध्वनीवरून यंत्राचे मोजमाप पडताळणे, हा कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग आहे. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटर व्यासाचा गोळा ट्रान्सड्यूसरखाली (ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाखाली) टांगतात. मात्र त्या गोळ्याच्या वर्णपटातही स्वतःचे खड्डे असतात, म्हणून रुंद पट्ट्यासाठी वेगळ्या व्यासाचा आणखी एखादा गोळा लागतो. हे नीट न झाल्यास गोळ्याचा खड्डा माशाच्या नावावर जमा होतो.

जाळ्याबद्दल एक सांगतो. खोल पाण्यातल्या एका थराला कमी वारंवारतेवर अनुस्पंदनाचे (वायूची पिशवी एका ठरावीक वारंवारतेला जोराने कंप पावण्याचे) स्पष्ट शिखर दिसल्याने मी त्याची नोंद बेधडक लहान मासे म्हणून केली होती. जाळ्यात मोजके मासे आणि जेलीसारख्या चिंध्या आल्या. त्या सायफोनोफोर या जेलीफिशच्या नात्यातल्या प्राण्यांच्या होत्या: त्यांच्या वायूच्या फुग्याचे अनुस्पंदन लहान वाताशयासारखेच असते, आणि शरीर इतके नाजूक की जाळ्यात त्याचे तुकडे होतात. म्हणजे त्या थरात सोनार आणि जाळे दोन्ही मला माशांकडेच झुकवत होते. तेव्हापासून अशा थरात जाळ्याबरोबर कॅमेराही सोडावा, असा माझा आग्रह असतो.