दुखत नाही म्हणून रूट कॅनाल लांबवू नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. 11 वर्षांची मुलगी, वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला, दुधात ठेवून 20 मिनिटांत परत बसवला, तारेने बांधला. आज सहावा दिवस, आणि दवाखान्यातून सांगितलंय, "दुखलं तर या." आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते नेमकं हेच वाक्य.

दुखण्याची वाट बघायचीच नसते. या वयात समोरच्या दाताच्या मुळाचं टोक बहुतेक बंद झालेलं असतं, म्हणजे मूळ पूर्ण वाढलेलं असतं. तसं असेल तर निखळलेल्या दाताची नस पुन्हा जिवंत होत नाही. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, त्यांचं विष मुळाच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर झिरपतं आणि मूळ जिथं खरचटलंय तिथं शरीरच ते खायला लागतं. मुलांच्या दातात या नळ्या रुंद असतात, त्यामुळे काही आठवड्यांतच एक्स-रेवर मुळाच्या कडेला कुरतडल्यासारखे खड्डे दिसू शकतात. मुलगी मात्र मजेत जेवत असते. मेलेली नस दुखणार कशी?

म्हणून रूट कॅनाल, म्हणजे मेलेली नस काढून दाताची आतली पोकळी साफ करणं, 2 आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, शक्यतो तार असतानाच, म्हणजे काम करताना दात हलत नाही. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध साधारण महिनाभर, मग कायमचं भरायचं.

तारेचंही बघा. ती बारीक, लवचीक हवी, 0.4 मिमीपर्यंत, आणि हाड मोडलेलं नसेल तर 2 आठवडेच. ताठ तारेने फार दिवस जखडलेला दात हाडाला चिकटण्याची भीती वाढते. चिकटलेल्या दातावर डेंटिस्टने तपासायच्या छोट्या आरशाच्या दांडीने टकटक केलं की धातूसारखा टणटण आवाज येतो, आणि जबडा वाढतो तसा तो दात आखूड दिसू लागतो.

टोक अजून उघडं असेल तर हिशोब वेगळा. तिथं नस परत जगू शकते, म्हणून थांबतात, पण एक्स-रे वरचेवर काढून. नुसतं थांबून नाही.

मी डेंटिस्ट नाही, तिचा एक्स-रेही पाहिलेला नाही. निर्णय तिला तपासणाऱ्यांचाच. (धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही विचारा.)

उद्या सकाळी फोन करून एवढंच विचारा: टोक बंद आहे की उघडं? बंद आहे म्हणूनही थांबायला सांगितलं, तर एक्स-रेची कॉपी मागून घ्या आणि मुलांच्या दातांच्या किंवा रूट कॅनालच्या तज्ज्ञाला दाखवा. तुमच्याकडे अजून 8 दिवस आहेत.