कोल्हापुरात फ्लॅटच्या नळाला जड पाणी येतंय, गिझर बिघडतोय, केस गळतायत. अख्ख्या घराला आरओ बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की कळंबा रिंग रोडच्या बाजूला नवीन फ्लॅटमध्ये आलाय, वर्षभरात गिझर बंद पडला, नळावर पांढरे थर बसतायत, डाळ शिजत नाही, मिसेसचे केस गळतायत आणि शेजारचे म्हणतात सगळ्या घराला आरओ बसवा. मी कोल्हापुरातच गिझर आणि सोलर दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळं हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतंच. आरओचं नंतर बघू. एक रुपयाही खर्च करायच्या आधी तुमच्या टाकीत कुठलं पाणी पडतंय ते शोधा, निम्मं उत्तर तिथंच आहे.

कोल्हापूरचं पाणी जड असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. महापालिकेचं पाणी म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यातलं, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्या सह्याद्रीकडनं येणाऱ्या नद्या, शिंगणापूर आणि बालिंग्याला उपसा, आणि 2023 च्या दिवाळीपासनं काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन. डोंगरात कोसळणारा पाऊस वाहून नदीत येतो, खडकात मुरून बसायला त्याला वेळच मिळत नाही, त्यामुळं त्यात क्षार कमी असतात. पावसाळ्यात ते गढूळ येईल, वास येईल, पण जड म्हणता येणार नाही. जड असतं ते बोअरचं. आपल्या पायाखाली सगळा काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर, आणि जमिनीत मुरलेलं पाणी ते हळूहळू विरघळवत भेगांमध्ये साठून राहतं. बिल्डिंगला कार्पोरेशनचं पाणी पुरलं नाही की बोअर चालू करतात आणि दोन्ही पाणी एकाच संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पडतं. वॉचमनला विचारा बोअर कधी चालू असतो, मे महिन्यात किती वेळ चालतो. उन्हाळ्यात त्रास जास्त होतो तो बहुतेक ठिकाणी याच्यामुळंच.

मोजायचं असेल तर टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यात जडपणाचा वाटा किती हे त्याला कळत नाही. जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं, पाण्याचा रंग लालसर होतो आणि एकेक थेंब टाकत गेलं की निळा पडतो, तिथं थांबायचं आणि थेंब मोजायचे. नाहीतर सरळ लॅबला द्या आणि टोटल हार्डनेस काढून द्या म्हणून सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, लिटरला 200 मिलीग्रॅम ही पसंतीची मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतं. फक्त नमुने दोन न्या, एक थेट कार्पोरेशनच्या लाईनचा आणि एक टाकीतला, म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद घालायची वेळ येणार नाही.

आता गिझरचं, कारण तो माझा धंदा आहे आणि लोक इथंच चुकतात. बोअरच्या पाण्यातला बराचसा जडपणा बायकार्बोनेटचा असतो. असं पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतं आणि जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथंच चिकटतं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर. मग एलिमेंट घोंगडं पांघरून बसल्यासारखा होतो, आतली उष्णता पाण्यात जायची थांबते, लाईट बिल वाढतं, तडतड आवाज यायला लागतो आणि शेवटी कॉइल जळते. थर्मोस्टॅट फुलवर ठेवून गार पाणी मिसळायची सवय असेल तर ती सोडा. 50 ते 55 डिग्रीला ठेवा, थर बसायचा वेग बराच कमी होतो. वर्षाला एकदा सर्व्हिसिंग करून घ्याच आणि मेकॅनिकला दोन गोष्टी मुद्दाम बघायला लावा, एक मॅग्नेशियमचा रॉड संपलाय का, तो टाकीला गंज लागू नये म्हणून असतो, आणि दुसरी सेफ्टी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह क्षारानं जाम झाला आणि त्यात थर्मोस्टॅट बिघडला तर टाकीतलं प्रेशर सुटायला वाटच राहत नाही, टाकी फुटू शकते. याकडं कृपा करून दुर्लक्ष करू नका, घरात लहान मुलं असतात.

गच्चीवर सोलर असेल तर पाणी जड असताना तांब्याच्या नळ्यांचं पॅनेल घेऊ नका, बारीक नळ्या आतनं चोंदतात. काचेच्या ट्यूबचा घ्या, त्यातही पांढरी भुकटी साठते पण ती काढून धुता येते.

डाळीचं म्हणाल तर पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून ती मऊच होत नाही, शिट्ट्या वाढवून गॅस जातो नुसता. हरभरा, राजमा असलं कडधान्य तर फारच त्रास देतं. सोपं आहे, भिजवायला आणि शिजवायला कार्पोरेशनचं पाणी वेगळं भरून ठेवा. ते नसेलच तर पाणी आधी उकळून गार करा, खाली पांढरं बसतं ते राहू द्या आणि वरचं वापरा. चिमूटभर खाण्याचा सोडा पण चालतो, जास्त टाकू नका, चव जाते.

केस आणि मुतखडा, या दोन गोष्टींची भीती घालून सगळ्यात जास्त मशिनी विकल्या जातात. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो, तो केसावर आणि अंगावर बसतो म्हणून केस राठ होतात, तुटतात, कातडी कोरडी पडते. पण मुळापासनं केस गळत असतील तर डॉक्टरला दाखवा, रक्त, थायरॉइड तपासून घ्या, सगळं पाण्यावर ढकलून बसू नका. तोपर्यंत डोकं धुताना शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या. मुतखड्याचंही तसंच, जड पाण्यामुळं खडे होतात असं सिद्ध झालेलं नाही, पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही जडपणासाठी आरोग्याची म्हणून मर्यादा ठरवलेली नाही.

त्यामुळं अख्ख्या घराला आरओ, हे माझ्या मते साफ चूक. आरओ जेवढं पाणी देतो त्याच्या दोन-तीन पट बाहेर टाकतो, आणि तुमच्या बिल्डिंगला आधीच पाणी पुरत नाहीये. पिण्यासाठी कार्पोरेशनचं पाणी वेगळं मिळत असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर, पुरतो. सोसायटीत आधी मागणी ही करा की बोअरची टाकी आणि लाईन वेगळी काढा, ती फ्लश, पार्किंग, झाडं यांना द्या, आणि कार्पोरेशनचं पाणी किचन आणि बाथरूमला. प्लंबिंगचा खर्च सगळ्यांत वाटला की झेपतो. बोअर बुजवा असं मी अजिबात म्हणत नाही, 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि नळ कोरडे पडले, तेव्हा याच बोअरनं लोकांना तारलंय.

लाईन वेगळी होणं शक्यच नसेल तर मग सॉफ्टनर. त्यात रेझिन असतं, ते कॅल्शियम, मॅग्नेशियम धरतं आणि सोडियम सोडतं, ठराविक दिवसांनी मिठाच्या पाण्यानं ते परत ताजं करावं लागतं. आंघोळ, कपडे, गिझर याला उत्तम. पिण्याची लाईन मात्र त्याच्यातनं घेऊ नका, घरात बीपीचं माणूस असेल तर नकोच. आणि पाईपला नुसतं चुंबक बांधून क्षार जातात म्हणणारे येतील, त्यांना पैसे देऊ नका, क्षार पाण्यातच राहतात.

नळावरच्या डागांना लिंबूसत्व किंवा व्हिनेगर. नळाची जाळी आणि शॉवरचं तोंड काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं निघतं. टॉयलेटचं ॲसिड नळाला लावू नका, वरचा मुलामा जातो, आणि ब्लीचिंग पावडरबरोबर तर ते कधीच नको, विषारी वायू होतो.

लॅबचे दोन्ही आकडे आले की इथं टाका, सॉफ्टनर लागेल का आणि केवढा ते बघून सांगतो.