सूर उतरवायचाय, पण लय तीच हवी

यावेळी आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, रेकॉर्डिंगचा सूर आणि लय, म्हणून ती एकत्रच घेतोय.

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीत मला एक जुनं भावगीत म्हणायचंय. मूळ गाणं पुरुष गायकाचं आहे, कराओके ट्रॅक काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरलेला, आणि माझी पट्टी काळी पाच. मुलाने लॅपटॉपवर स्पीड वाढवून सूर काळी पाचपर्यंत नेला, तर चार मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांच्या आत संपलं. लय तीच ठेवून फक्त सूर बदलता येतो का? (कोथरूड)

उत्तर : येतो ताई, अगदी घरबसल्या येतो. पण त्याआधी पेटी पुढ्यात घ्या आणि पट्ट्या मोजा, कारण खरी चूक तिथे झालीये. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून काळी एकवरून वर मोजत गेलात तर काळी पाच नऊ स्वर लांब आहे, आणि खाली मोजलंत तर पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच, बस, तीनच. ट्रॅक तीन स्वर खाली आणा आणि तुम्ही तुमच्या नेहमीच्या सप्तकात गा, सा तोच लागणार, फक्त उतरवलेल्या ट्रॅकमधल्या चालीपेक्षा तुम्ही एक सप्तक वर असाल, आणि ते कानाला अजिबात खटकत नाही. नऊ स्वर वर चढवलेली बासरी आणि व्हायोलिन मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये किरकिरतातच.

आता स्पीडचं. पेटीवरचा एक स्वर म्हणजे कंपनसंख्येत साधारण ६ टक्क्यांचा फरक. जुन्या टेपसारखा स्पीड कमीजास्त केला की सूर आणि लय हातात हात घालून जातात, तीन स्वर खाली आणायला स्पीड ८४ टक्के करावा लागतो आणि मग चार मिनिटांचं गाणं पावणेपाच मिनिटांचं होऊन रेंगाळतं. म्हणून सॉफ्टवेअर हेच काम दोन टप्प्यांत करतं. आधी सूर न हलवता गाणं आखूड करतं, चार मिनिटांचं साधारण ३ मिनिटं २२ सेकंद, आणि मग ते आखूड गाणं हळू वाजवतं, म्हणजे लांबी परत चार मिनिटांवर येते आणि सूर तीन स्वर खाली. आखूड करण्याची युक्ती अशी की आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावेत इतके बारीक तुकडे करायचे आणि लाटेला लाट जुळेल अशा जागी ते एकमेकांवर चढवायचे. दुसरी एक गणिती पद्धत आहे, तिला फेज व्होकोडर म्हणतात, ती अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६६ साली मांडली गेली.

बासरी, सारंगी, पेटीचा लांब धरलेला स्वर यात छान निभावतो कारण त्याची लाट पुन्हापुन्हा तीच येत असते. घोळ होतो तो तबल्यात. थाप क्षणभराची, तुकडा नेमका तिथे कापला गेला की ती एकतर बोथट होते नाहीतर दोनदा वाजल्यासारखी वाटते, आणि तबला बोथट झाला की भावगीताची सगळी चालच बसते असं मला मनापासून वाटतं. म्हणून ट्रॅक मिळेल तेवढा चांगला घ्या, वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइली) असेल तर उत्तम, कुणीतरी फॉरवर्ड केलेली दाबून लहान केलेली एमपीथ्री नको. वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर टाळ, खुळखुळा हे न हलवता तसेच ठेवा, ते स्वच्छ राहतात. तबला मात्र तसा सोडता येत नाही, तो सा ला मिळवलेला असतो, बाकी सगळं उतरलं आणि तो काळी एकलाच बोलत राहिला तर गाणाऱ्याचा सूर हलतो.

ट्रॅकमध्ये कोरस असेल तर तो जाडा, घोगरा वाटेल. माणूस खालचा स्वर लावतो तेव्हा त्याचा घसा आणि तोंडाची पोकळी काही मोठी होत नाही, पण सॉफ्टवेअर सुराबरोबर तिचा घुमाराही खाली ओढतं. काही सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मंट, म्हणजे हाच घुमारा, जपायचा पर्याय असतो, दिसला तर चालू करा.

ऑडॅसिटी हे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सगळं गाणं सिलेक्ट करा, इफेक्टमध्ये पिच अँड टेम्पो, मग चेंज पिच, सेमीटोनच्या (म्हणजे पेटीवरच्या एकेका स्वराच्या) चौकटीत उणे ३, आणि हाय क्वालिटी स्ट्रेचिंग दिसलं तर टिक करा, वेळ लागतो पण फरक कळतो. अजून एक, सूर दरवेळी मूळ फाइलवरूनच बदला. आधी दोन उतरवले, मग त्याच फाइलचा अजून एक उतरवला असं केलंत तर बिघाडावर बिघाड चढतो.

प्रश्न : आईच्या भजनाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. पेटीचा सूर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी लागतो. चेंज पिच करून जुळवू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नको काका, इथे ते वापरूच नका. तुमची कॅसेट बहुतेक चुकीच्या स्पीडने वाजलीये, म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकत्रच सरकलेत, ते एकत्रच परत आणायचे. ऑडॅसिटीच्या त्याच मेनूत चेंज स्पीड अँड पिच आहे, ते घ्या. यात तुकडे पाडणं नाही, त्यामुळे आवाजाला धक्का लागत नाही आणि आईंचा घसा, त्यांची श्वास घ्यायची जागा, सगळं होतं तसं परत मिळतं.

किती बदलायचं, तर आधी भजन नसलेला शांत भाग शोधा. अ‍ॅनालाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती, याचा आलेख) उघडा, साइझ ६५५३६ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर बऱ्याचदा टेपवर उतरलेली असते. ती ५१ च्या पुढे दिसली तर टेप दोनेक टक्के जोरात पळतीये. नेमकी ५० वरच दिसली तर ती आत्ताच्या टेपरेकॉर्डरची असू शकते, मग तिच्यावर जाऊ नका. शिवाय त्या काळी वीजही ठरल्या आकड्यावर थांबायची नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा. ज्या पेटीवर भजन झालं ती घरात अजून असेल तर तिच्याशीच जुळवा, तिच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही. आणि मूळ उतरवलेली फाइल वेगळी जपून ठेवा.

प्रश्न : ताना ऐकून उतरवून घ्यायच्यात. सूर तोच ठेवून स्पीड कमी कसा करू? (कर्वेनगर)

उत्तर : व्हीएलसीत किंवा यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड कमी केलास तरी सूर तिथेच राहतो. ०.७५ वर ताना स्वच्छ ऐकू येतात, ०.५ ला स्वर पाण्यातून आल्यासारखे होतात आणि गमकेचा झोका हरवतो. अवघड जागा तेवढी ०.५ ला ऐक, आणि गाताना मूळ लयीतच गाऊन बघ.