मॅक्स श्मेलिंगला काय दिसलं होतं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या आखाड्यात आठ-दहा पोट्टे आता बॉक्सिंग शिकून राह्यले. म्हातारी माणसं सांगतात, श्मेलिंग नावाच्या जर्मनानं जो लुईसले पाडलं होतं. तो हौशी खेळातून आला का? अन् लुईससारख्याले पाडलं तरी कसं? आमच्या पोरांच्या कामाचं त्यात काही हाये का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : मॅक्स श्मेलिंगचा हौशी काळ अगदी थोडका. जन्म १९०५चा. १९२४मध्ये जर्मनीच्या हौशी स्पर्धेत तो लाइट हेवीवेटचा (हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाच्या खालचा गट) उपविजेता ठरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यावसायिक झाला. पुढे एकेक पायरी चढत गेला. १९२६ला जर्मनीचा आणि १९२७ला युरोपचा लाइट हेवीवेट विजेता, १९२८ला जर्मनीचा हेवीवेट विजेता, मग अमेरिका. १२ जून १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये चौथ्या फेरीत जॅक शार्कीचा ठोसा कमरेखाली बसला, शार्की बाद ठरला आणि श्मेलिंग जगज्जेता झाला. असं जेतेपद लोकांना रुचलं नाही. पुढच्या वर्षी यंग स्ट्रिबलिंगला पंधराव्या फेरीत थांबवून त्यानं ते आपलं करून दाखवलं. १९३२ला ते शार्कीकडे गेलं. तो निकाल आजही वादाचा आहे.

व्यावसायिक झाल्यावर त्या काळी ऑलिंपिकचं दार बंद. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं. तिथलं हेवीवेटचं सुवर्ण हर्बर्ट रुंगे या हौशी जर्मनानं घेतलं. श्मेलिंगनं लुईसला पाडलं ते त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १९ जूनला.

आता पाडलं कसं ते. डिसेंबर १९३५मध्ये अमेरिकेचा हेवीवेट जो लुईस याची स्पेनच्या पाओलिनो उझकुदूनशी लढत झाली. उझकुदूनशी श्मेलिंग स्वतः लढलेला होता. तो ती लढत पाहायला गेला आणि नजर ठेवली लुईसच्या डाव्या हातावर. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून झाला की लुईसचा डावा हात सरळ गालाशी परत येत नव्हता, खाली झुकत येत होता. तेवढ्या क्षणापुरता जबडा उघडा. श्मेलिंगनं सगळी तयारी त्या एका फटीसाठी केली. चौथ्या फेरीत लुईस पहिल्यांदा खाली बसला, बाराव्या फेरीत उठलाच नाही. व्यावसायिक कारकिर्दीतली ती त्याची पहिली हार.

पोरांकडून हे असं करून घ्या. जोडी लावा, दोघंही डावा पाय पुढे ठेवणारे. एकानं फक्त जॅब मारायचा आणि हात मुद्दाम खाली आणायचा. दुसऱ्यानं जॅब येताच वजन मागच्या उजव्या पायावर घ्यायचं, इतकंच की ठोसा नाकाच्या चार बोटं अलीकडे थांबेल. समोरचा हात परत फिरला त्याच क्षणी उजव्या पायाच्या चवड्यानं जमीन ढकलायची, कंबर फिरवायची आणि उजवा हात सरळ सोडायचा. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, जोर निम्मा.

चुका ठरलेल्या असतात. समोरचा हात पूर्ण परत गेल्यावर मारलं, तर फट बुजलेली असते. ग्लोव्हकडे बघत राहिलं की उशीर होतो; नजर समोरच्याच्या छातीवर ठेवायची, खांदा आधी हलतो. कोपर बाहेर निघालं की ठोसा लांबून येतो आणि दिसतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे उजवा मारताना आपलाच डावा गालावरून सुटणं. मग लुईसची खोड आपल्या पोराला लागली म्हणायची. डाव्या काखेत घडी केलेला रुमाल धरायला लावा. कोपर सुटलं की रुमाल पडतो, ओरडावं लागत नाही.

प्रश्न : मग १९३८ला हाच श्मेलिंग पहिल्याच फेरीत कसा हरला? अन् तो हिटलरचा माणूस होता काय?
— एक वाचक, वरुड

उत्तर : २२ जून १९३८ रोजी लुईसशी पुन्हा झालेली ती लढत १२४ सेकंदांत संपली. श्मेलिंगच्या त्या युक्तीत मागे झुकायला जागा लागते. लुईस घंटा वाजताच अंगावर गेला आणि ती जागाच ठेवली नाही. दोरापाशी श्मेलिंग वळलेला असताना उजवा ठोसा बरगडीच्या मागे बसला, मणक्याचं हाड मोडलं आणि तिथेच लढत संपल्यासारखी झाली. म्हणून पोरांना सांगा, पाठीला दोर लागला की उलटा ठोसा (समोरच्याचा ठोसा चुकवून लगेच मारलेला) शोधायचा नाही, आधी बाजूला सरकायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. नाझी राजवटीनं त्याला मिरवलं, पण तो पक्षाचा सभासद झाला नाही. त्याचा अमेरिकेतला व्यवस्थापक जो जेकब्स ज्यू होता. दबाव येऊनही त्याला सोडलं नाही. नोव्हेंबर १९३८मध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना त्यानं आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवलं.

प्रश्न : पंचिंग बॅग घरीच शिवली. महिनाभरात खालून दगडासारखी झाली, पोरांची मनगटं दुखतात.
— एक वाचक, जिल्हा यवतमाळ

उत्तर : वाळू भरली असणार. ती ठोशागणिक खाली बसते. पूर्ण उपसा. जाड ताडपत्रीच्या पोत्यात फक्त चिंध्या भरा. बटणं, चेन, हुक आधी कापून काढा. वीतभर थर टाकायचा, दांड्यानं ठासायचा, मग पुढचा. सरकी किंवा कापूस नको, गोळे होतात. वजन पोराच्या वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे ६० किलोच्या पोराला ३० किलो. बॅगेचं बूड त्याच्या कमरेच्या उंचीवर येऊ द्या. हातांना साडेचार मीटरची पट्टी बांधल्याशिवाय कोणालाही बॅगेला हात लावू देऊ नका, आणि आत्ता ज्यांची मनगटं दुखताहेत त्यांना दुखणं थांबेपर्यंत फक्त पायांचं काम द्या.