गाडीचं दुखणं : पेट्रोल भरलं की गाडी रुसते

प्रश्न : दादा, नमस्कार. मी मालगुंडला राहते, शाळेत शिकवते. माझी पेट्रोलची छोटी गाडी नऊ वर्षांची आहे, ६२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या मे महिन्यापासून एकच त्रास चालू आहे. पेट्रोल भरून चावी फिरवली की गाडी लगेच चालू होत नाही. दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागतो, मग घुसमटत, थरथरत चालू होते, पेट्रोलचा वास सुटतो आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशी पळते. मुलाकडे कोल्हापूरला जाताना आंबा घाटाआधी मी टाकी काठोकाठ भरून घेते. तेव्हा तर हमखास होतं आणि मागची रांग हॉर्न मारत सुटते. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, आता फ्युएल पंप बदलायला सांगतायत. भाऊ म्हणतो पेट्रोलात भेसळ आहे. आठ दिवसांपासून इंजिनाचा पिवळा दिवाही लागलाय. पंपाचा खर्च करू का?
— एक वाचक, मालगुंड

उत्तर : बाई, फ्युएल पंप बदलू नका. इतक्यात तरी नकोच.

तुमच्या पत्रातले ‘पेट्रोल भरलं की’ हे तीन शब्द सगळं सांगून जातात. भेसळ असती तर ते पेट्रोल टाकीत असेपर्यंत गाडी कुरकुरत राहिली असती, पाच मिनिटांत सुधारली नसती. पंप नरमला असता तर त्याने तुम्हाला घाटाच्या चढावर दगा दिला असता. फक्त भरल्यावर अडते आणि मग आपोआप बरी होते, अशी गाडी आली की मी सगळ्यात आधी पर्ज व्हॉल्व बघतो. हातखंब्याला गेली २६ वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीच्या काळात याच लक्षणावरून मीसुद्धा एका गाडीचा फ्युएल पंप बदलला होता. गाडी महिन्याभरात परत आली आणि मी त्या माणसाचे पैसे परत केले. तेव्हापासून तपासल्याशिवाय भाग बदलायचा नाही, हे मी माझ्या पोरांनाही सांगून ठेवलंय.

आता हा व्हॉल्व करतो काय ते सांगतो. पेट्रोलची वाफ सतत होत असते, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. ती हवेत सोडायची नाही म्हणून एका नळीने कॅनिस्टरमध्ये नेतात. कॅनिस्टर म्हणजे कोळशाच्या बारीक दाण्यांनी भरलेला प्लॅस्टिकचा डबा. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन गाडी रस्त्याला लागली की गाडीचा कॉम्प्युटर पर्ज व्हॉल्व उघड-मीट करतो आणि साठलेली वाफ थोडी थोडी इंजिनात ओढून जाळली जाते. बॉनेटखालून बारीक टिक-टिक ऐकू येते ती याचीच. त्या आवाजाला घाबरू नका.

वीज नसेल तेव्हा हा व्हॉल्व घट्ट बंद असायला हवा. तुमचा बंद होत नसणार. टाकीत पेट्रोल पडायला लागलं की आतली वाफ बाहेर ढकलली जाते आणि कॅनिस्टर भरून जातो. मग तुम्ही चावी फिरवता तेव्हा उघड्या राहिलेल्या व्हॉल्वमधून ती सगळी वाफ एकदम इंजिनात शिरते. पेट्रोल जास्त, हवा कमी, मग इंजिन पेट घेणार कसं? वाफ ओढून संपली की गाडी ताळ्यावर येते. ही तुमची पाच मिनिटं.

पेट्रोल पंपावर अडलात तर तोवर एक करा. ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा. हवा जास्त जाते, बहुतेक वेळा गाडी उचलते. हा उपाय पंपावरून बाहेर पडण्यापुरताच.

तपासणी कुठल्याही मेकॅनिकसमोर उभं राहून करून घेता येईल. सकाळी गार इंजिन चालू करून स्लोवर ठेवायला सांगा. पर्ज व्हॉल्वला कॅनिस्टरकडून येणारी नळी काढून त्या तोंडावर बोट ठेवायचं. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व गळतोय. ते तोंड बोटाने दाबून धरल्यावर थरथरणारं इंजिन शांत झालं, तर आणखी पुरावा नको. एवढ्यावर समाधान नसेल तर व्हॉल्व खाली काढा, स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंका. हवा आरपार जाता कामा नये. मग बॅटरीवरून १२ व्होल्ट दिले की टक्‌ आवाज येऊन हवा जायला हवी. फुंकायचंच, तोंडाने ओढायचं नाही, ती पेट्रोलची वाफ आहे. मल्टिमीटर लावला तर आतल्या कॉइलचा रोध बऱ्याच गाड्यांत २० ते ३० ओहमच्या आसपास मिळतो. पण बाई, कॉइल उत्तम आणि तरी व्हॉल्व गळका, असं मी पुष्कळदा पाहिलंय. मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून व्हॉल्व चांगला म्हणणाऱ्याला फुंकून दाखवायला सांगा.

दिवा लागलाच आहे तर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड लिहून घ्या. पी०४९६ आला तर नको तेव्हा वाफ जातेय, म्हणजे आपलं निदान बरोबर. पी०४४३ आला तर आधी वायरिंग बघा. खाऱ्या हवेत आपल्याकडे कपलरच्या, म्हणजे वायर व्हॉल्वला जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या, पिना हिरव्या पडतात, पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तशा. गेल्या पावसाळ्यात जयगडच्या एका गाडीचा व्हॉल्व दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता आणि दोष निघाला एका हिरव्या पिनेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिन बारीक घासून कोरडी केली, काम झालं.

बदलणं अवघड नाही. इंजिन गार, चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, जवळपास विडी-काडी नाही. कपलरची खिटी दाबून काढायची, वायर धरून ओढायची नाही. नऊ वर्षांत नळ्या कडक झालेल्या असतात. आधी पिळून सैल करा, मग काढा, नाहीतर प्लॅस्टिकचं तोंड तुटतं आणि ते कधी कधी महागड्या भागाला जोडलेलं असतं. व्हॉल्ववर बाण असेल तर काढण्यापूर्वी त्याची दिशा मोबाइलवर टिपून ठेवा. तडकलेली नळी परत लावू नका. नवा व्हॉल्व तुमच्याच गाडीच्या पार्ट नंबरचा हवा. आणि तोही बसवण्यापूर्वी फुंकून बघा, मी प्रत्येक वेळी बघतो.

यापुढची गोष्ट मात्र नीट करून घ्या. काढलेला जुना व्हॉल्व पांढऱ्या कागदावर उलटा धरून हलकेच आपटा. काही पडलं नाही तर उत्तम. पण शेगडीच्या तळाशी उरते तशी काळी भुकटी, मधे मधे मोहरीएवढे दाणे पडले, तर कॅनिस्टर आतून फुटलाय. त्याच दाण्यांनी व्हॉल्व अडून उघडा राहिला. अशा वेळी नुसता व्हॉल्व बदलला तर नव्यातही तेच दाणे जाऊन बसणार. कॅनिस्टर बदलायचा आणि मधल्या नळ्या हवा मारून साफ करायच्या. खर्च वाढतो, मला कल्पना आहे, पण तो एकदाच होतो.

हे दाणे सुटतात कशाने? तुम्ही लिहिलंय, ‘काठोकाठ’. नोझल खट्‌ करून थांबलं की टाकी भरली. वरची मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. आपण म्हणतो, राउंड फिगर कर रे, आणि पोरगा नोझल दाबत राहतो. मग वाफेच्या वाटेने पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा भिजतो, वाफ धरेनासा होतो, पुढे त्याचे दाणे सुटतात. घाटाआधी टाकी जरूर भरा, ती तुमची काळजी अगदी रास्त आहे. फक्त पहिल्या खट्‌ला थांबा. बिल १८६३ झालं तर १८६३ द्या.

प्रश्न : माझी डिझेल जीप आहे. तिचाही पर्ज व्हॉल्व साफ करावा का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : तुमच्या जीपला तो नाहीच. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी होत नाही, त्यामुळे कॅनिस्टरही नाही आणि पर्ज व्हॉल्वही नाही. कोणी साफ केल्याचे पैसे लावले तर काय साफ केलं ते दाखवायला सांगा.

प्रश्न : काका, गणपतीला गावी आलो. पावसाळाभर गाडी बंद खोलीत उभी होती. दार उघडलं तर पेट्रोलचा दर्प, पण खाली थेंब दिसत नाही. पर्ज व्हॉल्वच गेला असेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बंद उभ्या गाडीत व्हॉल्वपेक्षा नळीचा संशय आधी. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि वाफेच्या रबरी नळ्या कुरतडतात. लेंड्या, नारळाच्या शेंड्या, पाल्याचं घरटं दिसतंय का बघा. टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतची आणि तिथून पुढे इंजिनापर्यंतची नळी हाताने चाचपत जा, खालच्या बाजूने खास करून, कारण दात तिथे लागतात. मग टाकीच्या झाकणाची रबरी रिंग बघा, चिरली असेल तर झाकण बदला. कुरतडलेल्या नळीला टेप गुंडाळू नका, पेट्रोलला टेप टिकत नाही. पेट्रोलसाठीचीच नळी त्याच मापाची घ्या.

पण हे सगळं नंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचून राहते. त्या खोलीत दिव्याचं बटण दाबू नका, उदबत्ती-निरांजन घेऊन जाऊ नका, गाडी तिथे चालू करू नका. दारं-खिडक्या सताड उघडून तासभर थांबा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि दोघातिघांनी ढकलत गाडी खळ्यात आणा. बॉनेट तिथे उघडा.